उस्ता मेतवल्लीची वही

महल्ला या गिरण्यांच्या शहरातल्या भाकरीच्या भट्टीपुढे बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. मध्ये फक्त एक लोखंडी कठडा. पलीकडे पुरुषांच्या रांगेतला शौकीचा आवाज अतियातने, म्हणजे सगळ्यांच्या उम्म रिदाने, रिदाच्या आईने, लगेच ओळखला. तिच्या नवऱ्याच्या, मागांचा उस्ताद म्हणून ‘उस्ता’ म्हटल्या जाणाऱ्या मेतवल्लीच्या हाताखालीच शौकी गिरणीत काम शिकला होता.

“काय शौकी, चालला का तुमचा म्हातारा माग?” शौकीच्या मागच्या माणसाने विचारलं.

“नाही चालला. जुन्या कंट्रोलरने मान टाकली, म्हणून नवा बसवला. छापील नकाशा बघून एकेक तार जोडली. धागा तुटला की थांबायचा तो माग, आता धागा शाबूत असताना थांबायला लागला.”

“मग ती तार उलटी करायची.”

“केली. तर दुसरंच बिघडलं. उस्ताने वीस वर्षांत नकाशाप्रमाणे काही ठेवलंच नव्हतं. सगळे बदल त्याच्या वहीत.”

“मग घरी जाऊन वही मागायची.”

“कोणत्या तोंडाने? तो निवृत्त झाला त्या दिवशी वही द्यायला आला होता. साहेबांसमोर हसून म्हणालो, उस्ता, हिच्यात भाजी गुंडाळा. पुढे त्याच्या मयतालाही गेलो नाही.”

“मागासाठी तरी जायचं होतंस.”

“कसला माग आता? सकाळीच भंगारवाल्यांनी कापून नेला.”

अतियातने हातातल्या गरम भाकऱ्या गार व्हायला कठड्यावर पसरल्या आणि पलीकडे हाक मारली.

“शौकी.”

“उम्म रिदा... तुम्ही?”

“वही आहे रे पेटीत. पहिल्या पानावर त्याने तुझं नाव लिहिलंय.”

“कधी लिहिलं?”

“निवृत्त होऊन घरी आला, त्या संध्याकाळी.”