लुहाई गल्लीतील हवेच्या डब्याबाबत दुरुस्तीचा जबाब

नाव: त्सेंग वान-रू. वय: २४ वर्षे. व्यवसाय: प्राथमिक शाळेत विज्ञानाची हंगामी शिक्षिका. राहणार: लुहाई गल्ली, भूदेवाच्या देवळापासून चौथे घर, जिल्हा चांगहुआ.

मी आज २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजता आपण होऊन चौकीत आले असून हवालदार जियान यांच्यासमोर सांगते की, १० जून रोजी मी इथेच दिलेली तक्रार चुकीची होती. तिच्यात दुरुस्ती करायची आहे.

वर दिलेल्या पत्त्यावर मी आई-वडिलांसोबत राहते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील त्सेंग मू-शुएई, वय ५६, गल्लीच्या टोकाला श्री. ल्याओ यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षे कामाला आहेत. तिथे लाकडी देव्हारे बनतात. वडील स्प्रेच्या खोलीत रोगण मारतात. त्या खोलीत एकूण सहा माणसे आहेत.

२० एप्रिल रोजी मी हवेतील वायू टिपणारे एक छोटे मॉड्यूल प्लास्टिकच्या डब्यात बसवून भूदेवाच्या देवळात टांगले. देवळात लाल दिव्यासाठी वीज आहे आणि तिथली वस्तू कोणी चोरत नाही, म्हणून ती जागा निवडली. हा डबा वायूचे नाव सांगत नाही. हवेत काहीतरी वाढले, एवढेच आकड्याने दाखवतो. एरवी आकडा एकशे दहाच्या आसपास असतो. २४ एप्रिल, ९ मे, २३ मे आणि ७ जून या दिवशी दुपारी चारनंतर तो साडेचारशेच्या वर गेला. कारखाना ठरावीक दिवशी गल्लीत वाफा सोडतो, असे मी धरून चालले आणि तक्रार दिली.

१२ जून रोजी तपासणीचे लोक आले. माझ्या तक्रारीत गल्ली लिहिले होते, म्हणून त्यांनी गल्ली मोजली. काही सापडले नाही. तपासणीसाठी कारखाना १६ जूनपर्यंत बंद होता. त्या दिवसांत वडील घरी होते.

१५ जून रोजी जेवताना आईने भिंतीवरच्या कॅलेंडरचे पान फाडले. पानाच्या कोपऱ्यात चांद्र तिथी बारीक अक्षरात असते. मी मागच्या तारखा काढून पाहिल्या. चारही दिवस चांद्र महिन्याची दुसरी किंवा सोळावी तिथी होती. त्या दिवशी दुकानदार आणि कारखानदार भूदेवाला नैवेद्य दाखवतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

२१ जून ही सोळावी तिथी. मी चार वाजता देवळात उभी राहिले. देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या स्वी मावशींनी तांदळाच्या दारूचे तीन पेले बरोबर माझ्या डब्याखाली मांडले. आकडा चारशे ऐंशीवर गेला. मी त्यांना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे देवाची दारू तुझ्या डब्याला चढली, आणि चौकीत नाव गेलं ल्याओचं."

पेले उचलल्यावर मी डबा पॉवर बँकेवर चालूच ठेवून घरी नेला. जेवणाच्या टेबलावर आकडा एकशे पंधरावर स्थिरावला. पाच चाळीसला वडील कामावरून येऊन टेबलाशी बसले. आकडा दोनशे नव्वद झाला. ते आंघोळीला गेले. त्यांचा कामाचा शर्ट खुर्चीवर होता, आकडा उतरला नाही. शर्ट अंगणात टाकल्यावर तो एकशे तीसवर आला. शर्ट डब्यासोबत टोपलीखाली झाकला तेव्हा तीनशे चाळीस झाला. २२ जून रोजी दुसऱ्या शर्टावर पुन्हा तसेच करून पाहिले. तसेच झाले.

वडील दारू पितात का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. टोपलीखाली फक्त शर्ट होता.

२२ जूनच्या रात्री आईने शिंपल्यांचे सूप केले होते. तुळशीची पाने टाकायची राहिली होती. आईने आणि मी लगेच ओळखले. वडिलांनी "आज तुळस छान आहे" म्हणून वाटी पुन्हा भरून घेतली.

स्प्रेच्या खोलीत वाफा ओढणारा पंखा नाही का, असे विचारल्यावरून सांगते की, आहे. त्याचे तोंड गल्लीकडे आहे. ५ मार्चपासून तो बंद करून त्यावर पत्रा ठोकला आहे. थिनरचा वास येतो म्हणून गल्लीने अर्ज दिला होता. अर्जावर एक्केचाळीस सह्या आहेत. पंखा बंद करावा, असेच त्यात लिहिले होते. तो अर्ज मी लिहिला. वडिलांची सही सातवी आहे. मी सांगितले म्हणून त्यांनी केली.

डबा आता या टेबलावर चालू स्थितीत आहे. आकडा एकशे अठरा आहे, हे हवालदार जियान यांनी स्वतः पाहिले. पाच पंचेचाळीसला वडील कामावरून परस्पर मला न्यायला चौकीत आले. आकडा दोनशे साठ झाला. हवालदारांनी त्यांना विनंती केली, "काका, जरा फाटकापर्यंत जाऊन याल का?" वडील गेले, आकडा उतरला. परत आले, चढला. हवालदारांनी त्यांना आणखी एकदा जायला लावले आणि सगळे आकडे आपल्या वहीत लिहून घेतले. वडील म्हणाले, "मला तर कसलाच वास येत नाही."

तरी माझी दुरुस्ती अशी की, १० जूनच्या तक्रारीत जिथे 'लुहाई गल्ली' आहे तिथे 'स्प्रेची खोली' असे वाचावे. श्री. ल्याओ यांनी गल्लीत काही सोडलेले नाही. पंखा ज्यांच्या अर्जामुळे बंद झाला त्यांत पहिले नाव माझे लिहावे. तपासणी खोलीच्या आत, काम चालू असताना व्हावी.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला. वडील बाकावर बसून ऐकत होते. मी सांगितले तसेच लिहिले आहे. साक्षीदार म्हणून सही कराल का, असे वडिलांना विचारले असता, त्यांनी पेन घेण्याआधी मला विचारले, "यात काय लिहिलंय ते नीट पाहिलंस ना, पोरी?" मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मग त्यांनी सही केली.