हातात ठेवणारी

नवरा: अगं, पण तुझा कोड नाकारलाय कुठे? तो भाग काढा, मग घेते, असंच लिहिलंय ना बाईंनी?

बायको: तोच तर माझा जीव आहे त्यातला. तो काढण्यापेक्षा सगळंच मागे घेते.

नवरा: सगळ्या दुपारी घालवल्यास त्या फुकटच्या कामात...

बायको: ओपन सोर्स म्हणतात त्याला. कुणीही वापरावं, कुणीही हातभार लावावा; आलेलं तपासून घ्यायचं की नाही, ते या बाई ठरवतात. माझा पहिलाच हातभार, तोही या वयात, पुस्तकं चाळून शिकलेला.

नवरा: बरं, ओपन सोर्स. आणि ते तुझं इंजेक्शन काय?

बायको: डिपेंडन्सी इंजेक्शन. प्रोग्रामचे तुकडे असतात. एकाला घड्याळ लागतं, एकाला माहिती साठवायला डेटाबेस. त्यांनी ते शोधत हिंडायचं नाही, नुसतं 'मला हे लागेल' म्हणायचं. आणून हातात ठेवणारं मी लिहिलंय. अगदी आटोपशीर. मोठी तयार मिळतात, पण ती म्हणजे कपभर चहाला आचारी बोलावणं.

नवरा: हातात ठेवणारी. चष्मा कुठाय गं माझा?

बायको: फ्रीजवर.

नवरा: बघ.

बायको: चेष्टा पुरे.

नवरा: बरं, मग बाईंना खुपलं काय?

बायको: समजा, वापरणारा डेटाबेस जोडायला विसरला. तर माझा कोड गुपचूप एक कामचलाऊ डेटाबेस करून देतो. कुणाचं काही अडत नाही. बाई म्हणतात, असं नको. तिथल्या तिथे थांबवा आणि काय विसरलं ते सांगा.

नवरा: आणि तुझ्या पद्धतीनं त्याला कधी कळणार?

बायको: कळेल की. दुसऱ्या दिवशी चालू करेल तेव्हा.

नवरा: तेव्हा काय होईल?

बायको: कामचलाऊच तो. बंद केला की रिकामा. आदल्या दिवशीचं सगळं गेलेलं असेल.

नवरा: हं.

बायको: हं काय? बोला ना.

नवरा: तू तुझ्या आईच्या आजारपणात माहेरी गेली होतीस ना, तेव्हा मी शेजारी मीठ मागायला गेलो होतो. घरात डबाभर असताना.

बायको: कधी बोलला नाहीत.

नवरा: काय बोलणार? तुझ्या माघारी कळलं, मला माझ्याच घरातलं काही माहीत नाही. तू कधी अडू दिलंच नाहीस.

(कीबोर्डच्या कळांचा आवाज.)

नवरा: रागावलीस?

बायको: तो भाग काढतेय. आता असं लिहिलंय: 'डेटाबेस जोडलेला नाही. या तुकड्याला तो लागतो, इथे जोडा.'

नवरा: वसकन अंगावर जात नाही ना ते?

बायको: नाही हो. काय राहिलं, कुठे राहिलं, एवढंच सांगतं. गंमत म्हणजे कोड निम्मा झाला.

नवरा: मग पाठव.

बायको: पाठवला. तुम्ही दूध आणायला निघाला होतात ना?

नवरा: निघतो. बाईंचं उत्तर येऊ दे.

बायको: तास होत आला, चहा झाला, भांडी झाली, आता काय दिवसभर बसून राहणार का इथे?

नवरा: ते बघ, काहीतरी आलं.

बायको: त्यांचंच आहे. 'आता खरोखर हलकं झालं. घेतलंय. पुढचं कधी पाठवताय?'

नवरा: पुढचं म्हणे. अरे वा. आता निघतोच. अगं, किल्ली कुठाय?

बायको: (उठता उठता पुन्हा खाली बसत) काय म्हणालात?

नवरा: अगं, किल्ली.

बायको: किल्ली जागेवर नाही. काल तुम्ही कुठला शर्ट घातला होता, तिथून सुरुवात करा.

नवरा: सापडली.