रीटासोबतचा चहा

तुम्हीच सांगा राव, माझं चुकलं कुठं, मला अजून समजंना. पोरगी इंग्लिश मीडियमला, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको गारखेड्याला स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जातो. परवा सर म्हणाले, “काल काय काय केलं ते इंग्रजीत सांगा. खरंखरं सांगितलं तरच भूतकाळ पक्का होतो.”

आदल्या दिवशी मी शेंद्र्याच्या कंपनीत ओव्हरटाइम केल्ता. पण मशीनवरचं काम इंग्रजीत सांगायचं कसं? मग कंपनीच्या बसमध्ये पुस्तकातून पाठ केलेली वाक्यं धडाधड म्हणून टाकली. “आय वेंट टू अ हॉटेल. आय मेट रीटा. वी ड्रँक टी. वी लाफ्ड.”

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. बायकोनं नाय.

“रीटा कोण हो?”

“अगं, पुस्तकातली हाय! सर, तुम्ही तरी सांगा हिला!”

सर लई खूश होते. म्हणाले, “ताई, एरवी यांना एक वाक्य धड येत नाही. खरं असल्याशिवाय माणूस इतकं न अडखळता बोलूच शकत नाही!”

बायकोनं पर्स उचलली.

“चला घरी. आता मराठीत सांगा.”