अहोभाई

हसू नका, पण माझ्यामुळे जांबुघोड्याच्या जंगलात मोठा गोंधळ झाला होता. हे गेल्यावर मी घरातून बाहेरच पडेना, म्हणून मुलीने पुण्याहून परस्पर माझं नाव बडोद्यातल्या एका पक्षीनिरीक्षण ग्रुपमध्ये घातलं. सगळी तरुण गुजराती मुलं, ओळखीचं कोणीच नाही.

स्वर्गीय नर्तक पक्षी दिसला, त्याच्यामागे वर बघत चालत राहिले आणि वाट चुकले. आजूबाजूला नुसता साग. घाबरून हाक मारायला गेले, तर एकाही मुलाचं नाव आठवेना. तोंडातून निघालं, "अहो! अहो, कुठे आहात?"

आवाज ऐकून ग्रुपची लीडर किंजल धावत आली. "मासी, आ अहो कोण छे? आपणा ग्रुपमां तो नथी!"

मी म्हटलं, "ते पुढे गेले."

"एकला? अहीं तो दीपडो छे!"

दीपडो म्हणजे बिबट्या. तिने सगळ्यांना बोलावलं. पोरं तोंडाशी हात धरून जिवाच्या आकांताने ओरडायला लागली, "अहोभाई! ओ अहोभाई!"

यांना इतक्या जणांनी हाका मारलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

थांबवलं मी त्यांना. पण लगेच नाही.