पहिल्या रांगेत कोण

मुलुंडला हाडांच्या डॉक्टरकडे गर्दी होती. दळवीकाकांनी पेपर तोंडासमोर धरला आणि कान शेजारच्या नवरा-बायकोच्या स्वाधीन केले. दुसऱ्याचं भांडण फुकटात मिळत असेल, तर काका ते कधी सोडत नसत.

"तुझ्या त्या टेबलावरच्या फुटबॉलसाठी केलेला प्रेक्षकांचा स्टँड बघितला मी, हेमंत. पुठ्ठ्याच्या पायऱ्या, त्यांवर बोटाच्या पेराएवढी माणसं."

"झकास झालाय ना?"

"पहिल्या रांगेत तुझी आई. शेजारी तुझे मित्र. सोसायटीचा वॉचमनसुद्धा ऐटीत बसलाय. मी कुठाय?"

"आहेस ना! मागे चहाच्या स्टॉलवर, निळ्या साडीत. तुझ्याशिवाय मॅच रंगेल का, वनू?"

"हातात ट्रे दिलायस."

"अगं, त्यातले चार कप रंगवताना डोळे गेले माझे!"

"तुझे डोळे गेले? घरी तुम्ही सगळे खेळायला बसता, तेव्हा एक तरी गोल बघितलाय मी? ओट्यापाशी उभी असते मी, हेमंत!"

"हळू बोल ना. लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

काकांनी घाईघाईने पान उलटलं.

"बरं बाई, बसवतो तुला पहिल्या रांगेत. पण ती बाहुली उभी आहे गं. गुडघे वाकत नाहीत तिचे."

"माझे तरी कुठे वाकतायत? इथे कशाला आलोय आपण?"

आतून हाक आली, "वनिता परब!"

"थांब, हात देतो."

"मला हात नको. घरी गेल्यावर आधी त्या बाहुलीच्या हातातला ट्रे काढ."