पाणी मागून

—तर मायचं तोंड बघायचं म्हनतीस. बस की छबे, उभी कावून? दिंद्रुडहून उन्हाची आलीस. घरात एकबी फोटू न्हाई? न्हाईच असनार, मुक्ताबाईचा फोटू काढतो कोन. ह्या सिनेमात तेवढी आली ती. कारखान्यानं सभासद गोळा कराय काढलता, तवापसून तीस वर्सं दर सभेला मीच लावतो — धुळाजीबिगर हे मशीन कुनाला जमत न्हाई. आन मान्सं उसाचा भाव ऐकाय येत न्हाईत, मासे बघाय येत्यात. खरी बाई, खरी घागर, पर सांडतंय ते पाणी चित्रातलं, आन त्यात चित्रातले मासे फुगडी घालत्यात! म्हातारे सुदिक शिट्ट्या मारत्यात. आता घरोघर टीव्ही हाय, तरीबी.

खरं सांगू? माशापायी न्हाई, तुझ्या मायच्या हसन्यापायी. बहात्तरचा दुष्काळ, ती खडी फोडून आलती, तू कडंवर. मुंबईचा सायेब म्हनं, रिकामी घागर वत आन हास. येतंय का हसू? चारदा केलं, पाचदा केलं. व्हट फुटलेले तिचे. सायेब मला म्हनला, पाणी मागून भरू — म्हंजे चित्रात, रंगानं. मी तिला तेवढंच सांगितलं, मुक्ताबाई, हास, पाणी मागून भरत्यात. काय हासली म्हनतीस! तसं नट्यास्नी येत न्हाई.

मग सायबाची मोटार गेली, आन ही बया घागर घिऊन ह्याच भिताडाला बसली. दिवस मावळला तरी बसलेली. मी पडवीत पोट धरून हासतोय. सांगावं वाटलं एकदा — पर मजा आलती. कारखान्याच्या अध्यक्षाचा भरलेला रांजण होता की माझ्यामागं. तू पान्यासाठी रडून रडून नरडं बसवलंस. आठवत न्हाई? बरं झालं.

आता रीळ जुनी झाली, तुटती, कापून जोडावी लागती. मान्सं ते हसूच पुन्हा पुन्हा लावाय सांगायची, तितंच झिजली — गेल्या साली तेवढा तुकडा जळाला. घागर हाय, हात हाय, मासे हायेत. मला वाटलं बोंब हुईल. एकानं इचारलं न्हाई, शिट्ट्या तेवढ्याच.

डबा काय उघडतीस गं? असंल एखादा तुकडा डब्यात. सभा हू दे, मागून दावतो.

उठलीस कावून? मागून म्हनलं न्हवं.

बरं, जा. दार वढून घे, पडद्यावर उजेड येतो.