वर पत्ता नसलेलं पान

सन्माननीय अध्यक्ष काशीनाथमामा, व्यासपीठावरचे पाहुणे, संस्थेचे संचालक, समोर जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आणि आज ज्यांना आपण निरोप देतोय त्या उर्मिलाताई,

मुर्ध्याच्या आपल्या मच्छीमार संस्थेत ताईंनी एकतीस वर्षं कारकुनी केली. आधीच्या वक्त्यांनी त्यांच्याबद्दल गोड गोड सांगितलं. मी सचिव म्हणून खरं सांगतो, ताई भयंकर संशयी आहेत. आलेल्या पत्रावरचा शिक्कासुद्धा उजेडात धरून बघतात. हसू नका. त्या संशयाचीच गोष्ट मला सांगायची आहे, आणि तिच्यात माझी बाजू काही चांगली नाही.

मागच्या वर्षी आपण संस्थेचं ॲप घेतलं. शांती नगरहून कंपनीचा माणूस आला होता. ‘हवामान’वर बोट ठेवलं की सरकारी हवामानाचं पान तिथंच, ॲपच्या आत उघडायचं. ताईंनी चष्मा वर करून विचारलं, “हे पान त्यांचंच कशावरून? ब्राउझरमध्ये वर पत्ता दिसतो. इथं कुठंय? आणि तारीख?”

“मॅडम, वही साइट है. बस ॲप के अंदर खुलती है. ऊपर का हिस्सा हमने छुपाया है, अच्छा दिखता है.”

“पण लपवलं कशाला?” ताई म्हणाल्या.

मला काय वाटलं असेल? रोज सकाळी फळ्यावर हवामान लिहायचं काम ताईंचं. ॲप आलं की ते जाणार, म्हणून बाई खोड काढतायत! हे मी मनात ठेवलं नाही, चार जणांत बोललोसुद्धा. म्हणजे संशयी मीही होतो. फक्त माझा संशय माणसावर होता.

नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा आठवडा. सकाळी माझा पुतण्या नीलेश याचा फोन आला, “काका, फल्यावर काय लिवलाय?” मी म्हटलं, “फळा सोड, ॲप बघ. समुद्र शांत आहे. जा तू.” तो तिघांना घेऊन गेला.

त्याचा बाप, म्हणजे माझा थोरला भाऊ आत्माराम, दुसरी होडी सोडत होता. मीही धक्क्यावर होतो. तेवढ्यात ताई धापा टाकत धक्क्यावर आल्या. “थांबा! दुपारी वादळी वारा दाखवतायत.”

आत्माराम वैतागला. “बाय, तुजा फोन जुना हाय. ह्यो बग, कायपन न्हाय.”

ताईंनी त्याचाच फोन हातात घेतला. ॲपमधल्या पानाच्या कोपऱ्यात तीन ठिपके होते. ते दाबून त्यांनी ‘ब्राउझरमध्ये उघडा’ केलं. तेच पान बाहेर उघडलं. वर पत्ता, खाली आजची तारीख, आणि मध्ये ठळक इशारा: मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. पुन्हा ॲपमध्ये गेल्या, तर समुद्र शांत! एकच फोन, एकच मिनिट. पान झटकन दिसावं म्हणून ॲप त्याची जुनी प्रत साठवून ठेवत होतं, हे कंपनीने नंतर कबूल केलं. तीन दिवसांपूर्वीचा समुद्र आम्ही आजचा समजून बघत होतो.

आत्मारामने दोर परत बांधला आणि माझ्याकडे वळला. “जितू, माजा पोर कुटं हाय?”

मी खिशातून फोन काढला.

नीलेशचा फोन लागेना. ताईंनीच वायरलेसवरून बाहेरच्या होड्यांना कळवलं, आणि उत्तर येईपर्यंत जागेवरून उठल्या नाहीत. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी शेजारच्या उत्तन गावच्या एका होडीने आमच्या पोरांना ओढत आणलं. चौघेही जिवंत होते. नीलेशचा डावा हात इंजिनात सापडला होता. तो अजून खांद्याच्या वर जात नाही.

दुसऱ्या सकाळी ताईंनी फळा पुसला, हवामान लिहिलं, आणि खाली पानाचा पत्ता अन् पाहिल्याची वेळ घातली.

कंपनी म्हणते, आता सुधारणा केलीय. असेलही. मी अजून बाहेर उघडूनच बघतो.

ताई, संस्थेतर्फे आणि त्या चौघा पोरांच्या घरांतर्फे तुमचे मनापासून आभार. ऐकून घेतलंत, सभेचेही आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सगळ्यांनी सांभाळून घ्यावं. त्या सकाळच्या चुकीसाठी मात्र मी तुमच्याकडे माफी मागत नाही. ती द्यायचा हक्क मागे दाराशी बसलेल्या नीलेशचा आहे, आणि त्याने अजून काही म्हटलेलं नाही.